शुगर हाय असताना टाइप वनवाल्या माणसाला आतून कसं वाटतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या १४ वर्षांच्या धाकट्या भावाला तीन महिन्यांपूर्वी टाइप वन डायबिटीस (ज्यात शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवत नाही) निघाला, शुगर ३०० च्या पुढे गेली की तो चिडतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, आणि काय होतंय विचारलं तर म्हणतो "काही नाही". मग त्याला आतून नेमकं काय होत असतं? मला ११ व्या वर्षी निघाला, त्याला आता २२ वर्षं झाली, त्यामुळे जमेल तेवढं सांगायचा प्रयत्न करते. प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं हे धरूनच वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, तो तुमच्यापासून काही लपवत असेलच असं नाही. शुगर लो झाली की शरीर आरडाओरडा करतं, हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, पाच मिनिटांत कळतं की काहीतरी खायला हवं. हायचं तसं नसतं. हाय सावकाश चढते, तासाभरात, दोन तासांत, आणि दुखतं असं कुठेच नाही, बोट ठेवून दाखवावं अशी जागाच नसते. त्यात जे डोकं वापरून "मला असं असं होतंय" हे सांगायचं ते डोकंच जड झालेलं असतं, म्हणून मग "काही नाही".

आता शरीरात काय चाललेलं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, आणि शुगर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. ४०० झाली की चार चमचे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या चमच्याकडे बघत बसले होते, कारण एवढ्याशा फरकाने माणूस आडवा होतो. ही जास्तीची साखर पेशींमधलं पाणी रक्तात ओढून घेते, आणि साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती अडवता येत नाही, ती लघवीवाटे जायला लागते आणि जाताना पाणी घेऊन जाते. मधुमेह हे नाव त्यावरूनच पडलंय. म्हणजे एकीकडे सारखं बाथरूमला पळायचं आणि दुसरीकडे घशाला कोरड.

आणि ही तहान उन्हातून आल्यावर लागते तशी नसते हो. उन्हातली तहान दोन ग्लासात भागते. हिच्यात जीभ टाळूला चिकटते, ओठ आतून चिकट लागतात, दातांवर हात फिरवला तर काहीतरी पातळ थर बसल्यासारखं वाटतं, आणि पाणी पिताना ते घशाखाली उतरतंय तेवढाच वेळ बरं वाटतं, ग्लास खाली ठेवला की परत तेच. निदान व्हायच्या आधीचे दोन-तीन आठवडे मला अजून आठवतात, रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचे, आणि दर वेळी बाथरूममधून बाहेर आले की अंधारातच बेसिनच्या नळाला तोंड लावायचे, कारण स्वयंपाकघरापर्यंत जायचा धीर नसायचा. पोट पाण्याने तट्ट फुगलेलं आणि तोंड तरीही कोरडं. वजन उतरत होतं, सगळे म्हणायचे वाढतं वय आहे, उंची वाढली की मुलं बारीक दिसतात. दवाखान्यात तपासली तेव्हा शुगर ५०० च्या वर होती.

तहानेनंतर येतो तो जडपणा. मला विचाराल तर हाच सगळ्यात खरा त्रास, आणि हाच सांगता येत नाही. अंगात रक्ताऐवजी पाक भरलाय असं वाटतं. जिना चढताना मांड्या भरून येतात, हात उचलून केस बांधायचे म्हटलं तरी नको वाटतं, झोप आल्यासारखं होतं पण झोपून उठलं तरी तरतरी येत नाही. कारणही सरळ आहे, रक्तात साखर भरपूर आहे पण इन्शुलिन कमी म्हणून ती स्नायूंना घेता येत नाही, भरल्या घरात उपाशी राहिल्यासारखं. काही जणांना अशा वेळी भूकही खूप लागते.

डोळ्यांचंही तसंच. शुगर चढ-उतार करते तशी डोळ्यातल्या भिंगाची फुगवट बदलते आणि लांबची अक्षरं धूसर दिसायला लागतात. भावाचं आत्ताच निदान झालंय म्हणून मुद्दाम सांगते, इन्शुलिन सुरू करून शुगर खाली आणतात त्या सुरुवातीच्या आठवड्यांतही डोळे असे धूसर होऊ शकतात, माझे झाले होते आणि आई फार घाबरली होती. हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्थिरावतं, त्यामुळे डॉक्टरांना सांगा जरूर पण लगेच नवा चष्मा करायची घाई करू नका.

डोक्याचं सांगायचं तर, शुगर २८०-३०० असताना मी एकच ओळ चार वेळा वाचते आणि चौथ्यांदाही ती आत जात नाही. समोरचा बोलतो ते शब्द कळतात पण त्यांचं काय करायचं ते कळायला वेळ लागतो. भावाचा अभ्यास होत नाही, वर्गात लक्ष नसतं अशी तक्रार आली तर त्या वेळचा आकडा किती होता ते एकदा बघा, मगच बोला.

आता चिडण्याबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. शुगर चढली की प्रत्येक आवाज मोठा लागतो, प्रत्येक प्रश्न म्हणजे कोणीतरी ढोसतंय असं वाटतं. एकदा ताईने माझ्या टेबलावरची कात्री घेतली आणि परत दुसरीकडे ठेवली, एवढंच, आणि मी तिच्यावर अशी ओरडले की ती रडायला लागली. ओरडत असताना मला शंभर टक्के खात्री होती की चूक तिचीच आहे, माझा राग रास्तच आहे. अर्ध्या तासाने शुगर तपासायचं मशीन लावलं तर ३४०. राग आतून अगदी खरा वाटतो, शुगरचा राग आणि आपला राग वेगळा ओळखू येत नाही, निदान त्या क्षणी तरी नाही. नंतर शुगर उतरली की फार वाईट वाटतं, आपण असे नाही आहोत मग असं का बोललो. पण एक पथ्य पाळा, तो रागावला की लगेच "तुझी शुगर हाय आहे का" असं भांडणाच्या मधे विचारू नका. कधीकधी तो खरंच कारण असताना रागावलेला असेल, आणि आपला प्रत्येक राग शुगरच्या खात्यात टाकला जातो हे फार लागतं मनाला.

त्यात भर म्हणजे वाट बघणं. करेक्शनचं, म्हणजे चढलेली शुगर उतरवायला घ्यायचं जादा इन्शुलिन घेतलं की लगेच बरं वाटत नाही, जलद असलेलं इन्शुलिनसुद्धा काम सुरू करायला १०-२० मिनिटं घेतं, जोर धरायला तास-दोन तास, आणि तीन ते पाच तास अंगात राहतं. तोपर्यंत त्या जडपणातच बसायचं. अशा वेळी अजून दोन युनिट घ्यावेत असा मोह होतो, मी शाळेत असताना घेतलेत, आणि मग तीन तासांनी सगळे डोस एकदम अंगावर येऊन ४८ पर्यंत खाली गेलेली आहे. त्यामुळे डॉक्टरांनी करेक्शनचा जो हिशोब आणि जेवढं अंतर सांगितलंय तेच धरायचं, सेन्सरवरचा (अंगावर चिकटवलेलं, सतत शुगर दाखवणारं उपकरण) बाण लवकर वळत नाही म्हणून घाबरून वर वर डोस घ्यायचे नाहीत. सेन्सर तसाही रक्ताच्या आकड्यापेक्षा काही मिनिटं मागे असतो.

अजून एक, आकडा आणि वाटणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. २५० वर स्थिर असलेली शुगर आणि १२० वरून झपाट्याने चढत २५० ला आलेली शुगर, दोन्ही वेगळ्या वाटतात, मला तरी चढणारी जास्त त्रास देते. आणि शुगर बरेच दिवस हायच राहिली की शरीराला तीच सवय होते, मग २५० ला काहीच वाटत नाही आणि ११० ला आली तर उलट थरथर सुटते, घाम येतो, लो झाल्यासारखं होतं. निदान झाल्यावर पहिले काही आठवडे माझं असंच चाललं होतं, ११५ असताना मी रडायचे की मला चक्कर येतेय, खायला द्या. त्यामुळे "मला बरं वाटतंय म्हणजे शुगर बरी असेल" यावर त्याने आणि तुम्ही कधीच विसंबू नका. वाटण्यावरून फक्त तपासायचं ठरवायचं, डोस आकड्यावरूनच.

इथपर्यंत झालं ते रोजचं. पण एक हाय वेगळी असते आणि ती तुम्हाला ओळखता आलीच पाहिजे. अंगात इन्शुलिन जवळजवळ नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात, त्याने रक्तात आम्लता वाढते. माझ्या कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट, तेव्हा मी पंपवर (नळीवाटे सतत इन्शुलिन सोडणारं छोटं यंत्र) होते, झोपायच्या आधी सेट, म्हणजे ती नळी आणि अंगात जाणारं तिचं टोक, बदलला, शुगर १९० होती. पहाटे चारला मळमळून जाग आली, शुगर ३८०. मला वाटलं काहीतरी बाधलं असेल, पंपमधून करेक्शन दिलं आणि परत पडले. दीड तासाने ४१०, पोटात ढवळतंय, श्वास जरा जोरात चाललाय, आणि आई जवळ आली तर म्हणाली तुझ्या तोंडाला कसला वास येतोय, नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. कॅन्युला (कातडीखाली जाणारी बारीक नळी) काढून बघितली तर टोक काटकोनात दुमडलेलं, म्हणजे रात्रभर इन्शुलिन आत गेलंच नव्हतं, करेक्शनही नाही. कीटोन २.८. पेनने इन्शुलिन घेतलं, डॉक्टरांना फोन केला आणि उलटी सुरू झाली तशी आम्ही निघालो, दवाखान्यात सलाइन लावावं लागलं.

त्या हायचं वाटणं साध्या हायसारखं नसतं. साध्या हायमध्ये माणूस सुस्त आणि चिडका असतो, कीटोनमध्ये आजारी असतो. मळमळ, पोटात दुखणं, अंग मोडून येणं, आणि पुढे गेलं तर लांब लांब खोल श्वास, गुंगी. शुगर २५० च्या वर जाऊन उतरत नसेल, किंवा तो आजारी असेल, उलटी होत असेल, तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन ०.६ च्या खाली असतील तर ठीक, १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन, ३ च्या वर म्हणजे थेट हॉस्पिटल. आणि उलट्या थांबत नसतील, श्वास बदलला असेल किंवा तो गुंगीत वाटत असेल तर आकड्याचीही वाट बघू नका, निघा. आजारपणात खात नाहीये म्हणून बेसल इन्शुलिन (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर पुरणारं) बंद करायचं नाही, ही चूक खूप घरांत होते. कीटोन असताना शुगर उतरावी म्हणून पळायला-खेळायलाही पाठवायचं नाही, त्याने कीटोन वाढू शकतात.

आणि शेवटचं, जे तुमच्या "काही नाही"शी सगळ्यात जवळचं आहे. आकडा ३०० दिसला की घरातून पहिला प्रश्न येतो, काय खाल्लंस? मला हा प्रश्न शेकडो वेळा विचारला गेलाय आणि दर वेळी पोटात गोळा येतो. शुगर चढायला खाणं हे एकच कारण नसतं. सर्दी-ताप, परीक्षेचं टेन्शन, अपुरी झोप, उन्हात तापून खराब झालेलं इन्शुलिन, सारखं एकाच जागी टोचून गाठ आलेली जागा, पहाटे आपोआप वाढणारे हार्मोन्स. आणि त्याचं तर वय १४, या वयात वाढीच्या हार्मोन्समुळे इन्शुलिनचा असर कमी होतो, सगळं बरोबर करूनही शुगर वर जाते. त्याने डोस मोजला असेल, वेळेवर घेतला असेल, आणि तरी ३२०, त्यावर घरचे विचारतात काय खाल्लंस. मीही त्या वयात काही वेळा खरा आकडा सांगितला नाही, २९० ला १६० सांगितलंय, फक्त तो प्रश्न टळावा म्हणून. हे फार धोक्याचं आहे. त्याच्यावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ताई नंतर नंतर काय करायची ते सांगते. ती विचारायचीच नाही. पाण्याची भरलेली बाटली आणि मशीन माझ्या उशाशी ठेवायची, खोलीतला मोठा दिवा बंद करायची, आणि म्हणायची "मी बाहेर बसलेय, तास-दीड तासाने येते". आणि यायची. तोपर्यंत बहुतेक वेळा तोंडातला चिकटपणा गेलेला असायचा, आणि मग मीच तिला आकडा सांगायचे.