आधी नंबर शोध, मग नाव

रामबाग, इंदूर

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धात गोळीबारातून जखमी सोबत्याला ओढून आणलं पणजोबांनी, आणि पदक लागलं दुसऱ्याच्या छातीवर, ही गोष्ट तुमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते. ती खरी असू शकते. तरी ‘श्रेय चोरलं’ असं आत्ताच लिहू नकोस. पुष्कळदा ती चोरी नसते, कागदावरची गफलत असते.

नावावर भिस्त ठेवू नकोस. १९९९ मध्ये टायगर हिलच्या लढाईसाठी १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादवांना परमवीरचक्र जाहीर झालं ते मरणोत्तर म्हणून, आणि ते तर रुग्णालयात उपचार घेत होते! त्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. मग १९४४ साली कारकुनाने रोमन लिपीत उतरवलेल्या पवार, पोवार, पुआरांचं काय झालं असेल?

म्हणून आधी शिपाई नंबर. तो डिस्चार्ज बुकात, पेन्शनच्या कागदांत असतो. महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या बऱ्याच पदकांच्या कडेवरही नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर ते मागच्या बाजूला बघ. चिंच, पितांबरी काही लावू नकोस, अक्षरं झिजतात. तिरप्या उजेडात भिंग धरून वाच. हुद्दा ‘जमादार’ निघाला तर तो लपवू नकोस, बदलूही नकोस. त्या काळी जमादार हा अधिकारी होता; १९६५ पासून त्यालाच नायब सुभेदार म्हणतात.

पदक कशाचं, हेही तपास. १९३९-४५ चं वॉर मेडल ठरावीक दिवस सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळालं. ते शौर्यपदक नव्हे. याच ठिकाणी बऱ्याच घरांचे दावे कोसळतात.

पणजोबा होळकरांच्या इंदूर इन्फंट्रीत होते, मग तुझे अर्ज बेळगावला कशाला? मराठा लाइट इन्फंट्रीकडे त्यांची नोंद नसणारच. संस्थानी फौजा भारतीय सेनेत विलीन झाल्या तेव्हा ही पलटण १५ कुमाऊं झाली, आणि कुमाऊं रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय राणीखेतला आहे. अर्जात नंबर, हुद्दा, पलटणीचं जुनं नाव, भरतीचं साल, गाव आणि वडिलांचं नाव लिही. वीरकथा लिहू नकोस.

आता मुख्य काम. ज्यांना पदक मिळालं त्यांची शिफारस वाच. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा शिफारशी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटनचं युद्ध खातं) या मालिकेत आहेत. त्यातली तारीख, जागा आणि कंपनी (पलटणीतली तुकडी) एका कागदावर उतरव. शेजारी पलटणीच्या युद्ध-रोजनिशीतली त्याच दिवसाची नोंद मांड. पणजोबांची कंपनी त्या दिवशी तिथे होतीच का? नसेल, तर घरातली गोष्ट दुसऱ्या लढाईची आहे. असेल, तर दोघांनीही पराक्रम केला असेल आणि शिफारस एकाचीच झाली असेल. शिफारस लिहायला पाहणारा अधिकारी लागतो. तोच मारला गेला की खालच्या शिपायांचं शौर्य कागदावर येतच नाही. रोजनिशीत साध्या शिपायाचं नाव क्वचित मिळतं. ‘इतके ठार, इतके जखमी’ एवढीच ओळ असते. मला याचा फार त्रास होतो. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी इराकमध्ये बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर तर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे फक्त आकडे.

पलटणींचंही असंच होतं. २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा (आजच्या इस्रायलमधलं शहर) घेतलं जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्स या संस्थानी घोडदळांनी. हैदराबाद लान्सर्स त्याच ब्रिगेडमध्ये होते, दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकात त्यांचाही पुतळा आहे, म्हणून त्या हल्ल्याचं श्रेय सर्रास तिघांना दिलं जातं. स्मारक ब्रिगेडच्या सगळ्या मोहिमेचं आहे, त्या एका दिवसाचं नाही.

नवं पदक मिळवायच्या मागे लागू नकोस. पणजोबांचे जे सोबती परतले नाहीत त्यांच्याकडे बघ. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेमुळे मृत्यू झाला असेल आणि नाव राहून गेलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (सीडब्ल्यूजीसी) पुरावा तपासून ते युद्धातल्या मृतांच्या यादीत घेतो. यादीत आधी नंबराने शोध, मग नावाच्या चार-पाच स्पेलिंगांनी.

आणि लिहिलेलं कुठेही देण्याआधी त्या दुसऱ्या घरी एक प्रत पाठव. त्यांच्या ट्रंकेतही कागद असतील.

पदकाच्या कडेचे फोटो आधी पाठव, चारही बाजूंनी.

तुझा,
काका