तलवार लागते, पण जाणवत नाही

ओपन-वर्ल्ड फँटसी आरपीजीमधल्या, म्हणजे मोकळ्या काल्पनिक जगात हिंडत आपला नायक घडवायच्या व्हिडिओ गेममधल्या, लढाईबद्दल आलेले पाच प्रश्न आज घेतो. बरेचसे हौशी डेव्हलपर आणि मॉड (तयार गेममध्ये चाहत्यांनी केलेले बदल) बनवणाऱ्यांचे आहेत.

प्रश्न : मी एकटाच छोटा फँटसी आरपीजी बनवतोय. तलवारीचं डॅमेज (एका वाराने होणारं नुकसान) दुप्पट केलं, तरी वार उशीवर पडल्यासारखा वाटतो. चुकतंय कुठे?

डॅमेजचा आकडा वाढला हे फक्त शत्रूच्या हेल्थ बारला, म्हणजे उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीला, कळतं, खेळणाऱ्याच्या हाताला नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. पातं अंगाला टेकलं की त्याच क्षणी मारणारा आणि मार खाणारा, दोघांचंही ॲनिमेशन तीन-चार फ्रेम गोठवून बघा. याला हिटस्टॉप म्हणतात. फायटिंग गेमवाल्यांची ही जुनी युक्ती. ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये मोठ्या तलवारीचा घाव वर्मी बसला की ही युक्ती लख्ख दिसते. खंजिराला दोन फ्रेम पुरतात, कुऱ्हाडीला सहा-सात द्या. सगळ्या शस्त्रांना सारखाच हिटस्टॉप दिला तर पुन्हा उशीच.

मग शत्रूची प्रतिक्रिया. डावीकडून वार आला तर खांदा उजवीकडे गेला पाहिजे. कुठूनही मारा, तो आपला मागेच झुकतोय, असं बऱ्याच गेममध्ये दिसतं आणि तिथेच सगळं खोटं पडतं. आवाजाकडेही बघा. एका प्रोटोटाइपमध्ये मी आठवडाभर ठिणग्या आणि रक्ताचे थेंब सजवत बसलो होतो. शेवटी कळलं की घावाचा आवाज सहा फ्रेम उशिरा वाजतोय. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढं दुरुस्त केलं आणि निम्म्या ठिणग्या काढून टाकल्या.

आणि एक, डोळ्यांना दिसलेला घाव फाशाने, म्हणजे गेमच्या आतल्या नशिबाच्या हिशेबाने, नाकारू नका. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसायची आणि हिशेब सांगायचा, नेम चुकला! कागदावर खेळायच्या खेळात हे चालतं, कारण तिथे वार कुणी पाहिलेलाच नसतो.

प्रश्न : डिफिकल्टी वाढवली की लढाई कठीण होत नाही, नुसती लांबते. यावर उपाय?

दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत. ‘स्कायरिम’ची लेजेंडरी, म्हणजे सगळ्यांत कठीण, पातळी घ्या. तुमचं डॅमेज पाव, शत्रूचं तिप्पट. दहा वारांत पडणारा गडी आता चाळीस वार घेतो. अकराव्या वारापासून चाळिसाव्यापर्यंत तुम्ही नवीन काय शिकता? काहीच नाही. हात तेवढा दुखतो.

आकडे थोडेफार हलवायला माझी ना नाही, पण खरा बदल वागण्यात हवा. वरच्या पातळीवर तिरंदाज एका जागी उभा राहू नये, ढालवाल्याने जखमी साथीदाराच्या पुढ्यात यावं, दोन वारांमधली उसंत कमी व्हावी. हुलकावणीही चांगली. ‘एल्डन रिंग’मधले (२०२२) बॉस (टप्प्याच्या शेवटचे बलाढ्य शत्रू) हात उगारून क्षणभर थांबतात, आपण घाईने डॉज मारतो, म्हणजे अंग चुकवतो, आणि वार नेमका त्यानंतर येतो. पहिल्यांदा मजा येते. पण प्रत्येकच बॉस हात वर करून तिष्ठत राहिला की मला तरी हसू यायला लागतं. हे मीठ चिमटीनेच टाकायचं.

प्रश्न : सहा जण घेरतात, पण एकेकच पुढे येतो. बाकीचे जत्रेत उभे असल्यासारखे. सगळ्यांना एकदम सोडलं तर मी दोन सेकंदांत मरतो!

म्हणूनच त्यांना थोपवून ठेवलेलं असतं. ‘किंगडम्स ऑफ अमालूर’मध्ये (२०१२) याचा नेटका हिशेब होता. खेळाडूभोवती ठरावीक क्षमतेची जागा, प्रत्येक शत्रूला त्याचं वजन, आणि वेगळा हिशेब प्रत्येक हल्ल्याच्या वजनाचा. धिप्पाड राक्षस बरीचशी जागा एकटाच अडवतो, मग उंदरांसारखे बारके शत्रू आपोआप बाहेर थांबतात. दोन हलके वार एकदम येऊ शकतात, दोन भारी नाहीत. डिफिकल्टी वाढवायची तर ही क्षमता वाढवा. आधीच्या प्रश्नाचंही हे एक उत्तर आहे.

खटकतं ते थांबणं नव्हे, रिकामं थांबणं. रांगेतल्यांना काम द्या. कुणी पाठीमागे सरकेल, कुणी दगड उचलेल, कुणी घाबरून दोन पावलं मागे जाईल. कॅमेऱ्याबाहेरच्या शत्रूने मात्र ओरडल्याशिवाय वार करायचा नाही. न दिसलेल्या वाराने मेलेला खेळाडू स्वतःला नाही, गेमला शिव्या देतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

प्रश्न : शत्रूंची लेव्हल (ताकदीची पायरी) आपल्याबरोबर वाढावी की नाही?

सरसकट नको. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) पुढे पुढे रस्त्यावरचे लुटारूही काचेचं महागडं चिलखत घालून फिरायचे आणि वाटसरूकडे शंभर मोहरा मागायचे. अरे बाबा, ते चिलखत विक की! विनोद सोडा, पण खेळाडूने कमावलेली ताकद तिथे हवेत विरते.

दुसरं टोक ‘गॉथिक’ (२००१). तिथे कुणीही तुमच्यासाठी थांबत नाही, सुरुवातीला साधा लांडगाही फाडून खातो. पण त्यात एक सुंदर गोष्ट होती. नवखा नायक एकहाती तलवार दोन्ही हातांनी, काठीसारखी धरायचा. गुरूकडे शिकून आला की पकड बदलायची, पवित्रा बदलायचा, वारही सलग निघायचे. लेव्हल वाढल्याचं अंगावर दिसायचं. मी तुमच्या जागी असतो तर प्रत्येक प्रदेशाला किमान आणि कमाल लेव्हल बांधून दिली असती, आणि उरलेला सगळा वेळ त्या पकडीवर घालवला असता.

प्रश्न : ठरवतो योद्धा व्हायचं, पण शेवटी लपून बाण मारणाराच होतो. धनुष्य कमजोर करावं का?

नको, धनुष्याचा काय दोष? ‘स्कायरिम’मध्ये लपून मारलेल्या बाणाचं डॅमेज योग्य पर्क (कौशल्य वाढलं की निवडता येणारी खास क्षमता) घेतल्यावर तिप्पट होतं, हे खरंय. पण लपून मारलेल्या खंजिराचं त्याहून कितीतरी जास्त होतं, तरी सगळे धनुष्याकडेच वळतात. कारण लांबून मारण्यात धोका नाही. शेजारचा सोबती गळ्यात बाण घेऊन पडलाय आणि पहारेकरी थोडं इकडेतिकडे बघून, ‘वाराच असेल’ म्हणत परत जागेवर जातो. त्याला स्मरणशक्ती द्या. बाण ज्या दिशेने आला तिकडे त्याने ढाल धरावी, मशाल विझवावी, आतल्यांना हाक मारावी, आणि पहाट होईपर्यंत पुन्हा त्या दाराशी एकट्याने उभं राहू नये.