मला भयपट खूप आवडतात, पण गेली काही वर्षं जवळपास प्रत्येक वेळी थिएटरमधून वैतागूनच बाहेर येतो. तुमचंही असं होतं का? का होत असावं?

होतं, आणि तुम्ही ‘वैतागून’ म्हणालात ते अगदी बरोबर आहे. रटाळ सिनेमा असला की माणूस पेंगतो. भयपट फसला की राग येतो, कारण आपण मुद्दाम घाबरायला गेलेलो असतो, मनाची तेवढी तयारी करून.

मागच्या महिन्यातलंच सांगतो. रात्री पावणेअकराचा खेळ होता, सिनेमाचं नाव घेत नाही. नवं जोडपं एका जुन्या घरात राहायला येतं. घरातली म्हातारी सुनेला एवढंच सांगते की तिन्हीसांजेनंतर मोरीत गरम पाणी ओतायचं नाही. का, ते सांगत नाही. एका संध्याकाळी सून भाताचं पातेलं घेऊन पेज काढायला मोरीपाशी येते, पातेलं कलतं करते आणि थांबते. फडक्यातून वाफ तिच्या मनगटावर येतेय, हात भाजतोय, आणि ती बाहेरच्या उजेडाकडे बघतेय, दिवस बुडालाय की अजून आहे म्हणून. थिएटरमध्ये कोणी पॉपकॉर्नच्या पुड्यात हात घालत नव्हतं. मला वाटलं, आज मिळाला!

मध्यंतरानंतर तेच भूत भरदिवसा बेडरूममध्ये आलं. मग गाडीच्या मागच्या सीटवर आलं, मग नवऱ्याच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, मग मोबाइलच्या पडद्यावर. मोरीचं नावसुद्धा पुन्हा निघालं नाही. शेवटी एक मांत्रिक आला आणि त्याने सगळी पूर्वकथा वीस मिनिटं समजावून सांगितली. घरी येईपर्यंत माझी चिडचिड चालू होती, कारण त्या पातेल्याच्या प्रसंगात त्या लोकांना खरी भीती सापडली होती आणि त्यांनीच ती टाकून दिली.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. भुताला नियम हवा. ते कुठे असतं, कधी येतं, काय केलं तर येतं, काय केलं तर येत नाही. ज्या भुताला काहीही करता येतं, त्याची मला भीती वाटत नाही. कारण मग प्रश्न पडतो की त्याने या माणसांना पहिल्या दहा मिनिटांतच का मारलं नाही? पुढे जे काही घडतं ते दिग्दर्शकाला दोन तास भरायचेत म्हणून घडतं, आणि ते प्रेक्षकाला खुर्चीत बसल्याबसल्या कळतं.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आजोळी शिकलोय. आमचं आजोळ चिपळूणजवळ. मी सहावीत असेन, मे महिना, दिवे गेलेले. कंदिलाच्या उजेडात आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि बेड्यापलीकडून, म्हणजे आवाराच्या फाटकापलीकडून, कोणीतरी मामाच्या नावाने हाक मारली. मामा उठायला लागला. आजीने काही न बोलता एक बोट वर केलं. रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस तीनदा हाक मारतो, ते तीनदा मारत नाही. दुसरी हाक आली. आजीने दुसरं बोट उचललं. मामाच्या हातातला घास हातातच. आम्ही सगळे तिच्या त्या दोन बोटांकडे बघत बसलो, आणि तिसरी हाक आली नाही. थोड्या वेळाने आजीने हात खाली घेतला आणि ताकभात कालवायला लागली.

सकाळी मी मामाला म्हटलं, वाडीत जाऊन विचार ना काल कोण आलं होतं. तो म्हणाला, “विचारलं आणि सगळे नाही म्हणाले तर?”

इतक्या वर्षांत कुठल्याही सिनेमाने मला त्या दोन बोटांइतकं घाबरवलेलं नाही. आणि आपल्याकडे अशा नियमांचा काय तोटा आहे? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा, त्याची जागा पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला, डोहापाशी. चकवा वाटेवरचा, तो मारत नाही, फक्त रात्रभर त्याच त्याच शेतातून फिरवतो. देवचार तर गावाची राखण करणारा, त्याचा मान चुकवला तरच तो बिथरतो. प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे, आणि माणसाचं पाऊल त्या हद्दीवर पडतं तिथे गोष्ट सुरू होते. ‘मुंज्या’ आला तेव्हा कोकणातला मुंजा मोठ्या पडद्यावर आला म्हणून मला मनापासून आनंद झाला. त्याने विनोदाची वाट उघडपणे घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हाच मुंजा कोणीतरी एकदा हसू न आणता दाखवावा असं पूर्ण वेळ वाटत राहिलं.

नियम पाळायला पैसे लागत नाहीत, हे मात्र सांगायला हवं. रामसे बंधूंच्या सिनेमांना लोक हसतात, पण १९८४ चा ‘पुराना मंदिर’ आठवून बघा. सामरी या सैतानाचं मुंडकं धडावेगळं करून पेटीत ठेवलेलं असतं, धड दुसरीकडे. जोवर ते वेगळं आहे तोवर ठीक. हे कळल्यावर ती पेटी दिसली रे दिसली की पोटात गोळा येतो. मेकअप कसाही असो, सिनेमाने आपल्याशी केलेला करार मोडलेला नाही.

आणि ‘तुंबाड’. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या, खरंच.) त्यातला हस्तर हा शापित देव धान्यासाठी भुकेला आहे, म्हणून पिठाची बाहुली टाकली की तो येतो. पिठाच्या रिंगणात मात्र तो येऊ शकत नाही. तो बाहुली खात असेल तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा काढायच्या. संपला नियम. आता शेवट बघा. नायकाचा पोरगा म्हणतो, एकच बाहुली कशाला, पुष्कळ नेऊ. आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर! नवीन काहीच आणलेलं नाही, बाहेरून कोणी मांत्रिक आलेला नाही, आधी सांगितलेला नियमच हावरटपणामुळे अंगावर उलटला. राही अनिल बर्वे यांनी २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू केलेला हा सिनेमा २०१८ मध्ये पडद्यावर आला. त्यात नारायण धारपांच्या कथेचा धागा आहे. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. लोकांना असं काही नको असतं, हे निर्मात्यांचं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. मी दोन्ही वेळा गेलो. दुसऱ्या वेळी शेवट माहीत होता, तरी त्या बाहुल्या दिसल्यावर हात गार पडले.

आता आवाजाबद्दल, कारण माझा अर्धा वैताग तिथला आहे. दचकणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते. हल्ली पडद्यावर शांतता पसरली की मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागतो, आणि पाच-सहापर्यंत ‘धडाम’ होतंच. कपाटाचं दार, मांजर, मैत्रिणीने मागून खांद्यावर ठेवलेला हात. ही युक्ती फार जुनी आहे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्याने चाललेली असते, मागे कोणीतरी आहे असं तिला वाटतं, आणि एकदम फिस्सकन आवाज करत बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक टूर्नर. सगळ्यांनी उचलली ती बस. पण बसच्या आधी ते चालणं आहे, दिव्याच्या एका उजेडातून दुसऱ्या उजेडात, सँडलची टकटक, मग मागची टकटक बंद. आपण घाबरतो ते त्या चालण्यात. ते करायला धीर लागतो, म्हणून ते कोणी उचललं नाही.

भूत फार लवकर आणि फार वेळ दाखवणं हाही त्याच उतावळेपणाचा भाग. ‘जॉज’च्या वेळी यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो दाखवायचं टाळलं आणि पाणीच दाखवत राहिला. आज संगणकावर भूत हवं तेवढं मिळतं, म्हणून ते हवं तेवढं दाखवतात.

आणि ती पूर्वकथा! मामाच्या बोलण्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला. विचारून आला असता तर एक तर उलगडा झाला असता, नाहीतर भीती कायमची घरात राहिली असती. त्याने दोन्ही नको म्हटलं, आणि ती हाक आजही माझ्यापाशी आहे. आपले सिनेमे शेवटच्या अर्ध्या तासात वाडीभर विचारत सुटतात. कोणाचा खून झाला, कोणी केला, हाडं कुठे पुरली, सगळं कळतं आणि भुताचं पोलीस प्रकरण होऊन जातं. रामगोपाल वर्मांचा २००३ चा ‘भूत’ मला अतिशय प्रिय आहे. एकही गाणं नाही, मुंबईतला साधा फ्लॅट, जिना, लिफ्ट. पण त्याचाही पूर्वार्ध मी वारंवार बघतो, उत्तरार्ध नाही.

तुम्हाला एकच सुचवायचं तर २०१७ चा मराठी ‘लपाछपी’ बघा. दिग्दर्शक विशाल फुरिया. त्यांनीच पुढे हिंदीत ‘छोरी’ केला, पण आधी मराठी बघा. गरोदर बाई, कर्जबाजारी नवरा, आणि घराच्या चहूबाजूंनी ऊस. ऊस ही आपली रोजची गोष्ट आहे, त्यात आत शिरलं की दोन हातांवरचं दिसत नाही हेही आपल्याला माहीत असतं. तेवढ्या एका गोष्टीवर सिनेमा उभा आहे. घरी बघणार असाल तर दिवे मालवून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

मी तो थिएटरमध्ये पाहिला आणि त्याच दिवाळीत कराडहून इस्लामपूरला रात्री गाडीने निघालो होतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस, वाऱ्याने पाती एकमेकांवर घासत होती. लघवीसाठी थांबायचं होतं. थांबलो नाही, काच वर केली.