भावाशी दारूबद्दल बोलायला बसणार असाल तर

ताई, घरच्यांनी मिळून इंटरव्हेन्शन, म्हणजे भावाला एकत्र बसून उपचारांसाठी समजावणं, करायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तो प्यायलेला असताना विषय काढूच नका, सकाळी शुद्धीत असताना बसा, आणि तीन-चारच माणसं, ज्यांचं तो ऐकतो अशी. अख्खं खानदान जमलं की तो उठून जाणार.
- "तू घराची वाट लावलीस" असलं नको. "परवा तू गाडीवरून पडलास, पोरगी रात्रभर रडत होती" असं घडलेलं सांगा, कागदावर लिहून न्या.
- अ‍ॅडमिशनची चौकशी आधीच करून ठेवा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे १९८६ पासून, नाहीतर सरकारी हेल्पलाइन १४४४६. तो हो म्हणाला की लगेच निघायचं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शपथ घालून दारू एकदम बंद करायला लावणं. रोज भरपूर पिणाऱ्याची अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि त्याची उधारी भागवणं, ऑफिसात खोटं सांगणं आजपासून बंद.

पहिल्यांदा नाही म्हणाला तरी पुन्हा बसा. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा मदतगट) मात्र तुम्ही आणि वहिनी आत्तापासूनच जा, त्यासाठी भावाचा होकार लागत नाही.