शंभर किलोसाठी किती टनांचे रॉकेट?

वाचकांचे प्रश्न : लहान उपग्रह, लहान प्रक्षेपक

प्रश्न : १०० किलोचा उपग्रह ५०० किमी उंचीच्या कक्षेत न्यायचा, तर रॉकेट किती मोठे लागेल? एकाच टप्प्यात का भागत नाही? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : आधी वेग पाहा. त्या कक्षेत सेकंदाला ७.६ किमी वेग लागतो. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध यांत आणखी दीड-दोन किमीचा वेग खर्ची पडतो, म्हणून हिशोब ९.४ किमीचा धरू. इंजिनाचा विशिष्ट आवेग (इंधनाचा किती चांगला उपयोग होतो त्याचे माप) सरासरी ३०० सेकंद मानला, तर झोताचा वेग सेकंदाला २.९४ किमी येतो. ९.४ ला २.९४ ने भागून जो आकडा येतो, २.७१८ चा (e चा) तितका घात काढला की उत्तर येते २४.५. म्हणजे उडताना २४.५ टन असलेल्या रॉकेटचे इंधन संपल्यावर एकच टन उरायला हवा, आणि त्या एका टनात टाक्या, इंजिने, वायरिंग आणि उपग्रह सगळे बसायला हवे. प्रमाण ४ टक्के. नुसता सांगाडाच ८ ते १० टक्के भरतो, त्यामुळे एका टप्प्याचा विचार इथेच सोडावा लागतो.

आता दोन टप्प्यांत प्रत्येकी ४.७ किमी वाटून घ्या. पहिल्याचे इंधन संपले की त्याचा रिकामा सांगाडा टाकून द्यायचा, पुढे वाहायचा नाही. टप्प्याच्या वजनात सांगाडा ८ टक्के असेल, तर १०० किलोसाठी सुमारे ५.७ टनांचे रॉकेट पुरते. सांगाडा १० टक्के झाला की ७.८ टन, १२ टक्के झाला की साडेअकरा टन! सांगाड्यात चारच टक्के वाढले आणि रॉकेट दुप्पट झाले. लहान रॉकेटची खरी अडचण हीच आहे. संगणक, झडपा, रेडिओ ही सामग्री रॉकेटच्या आकाराबरोबर लहान होत नाही. वजनाचा तक्ता पहिल्या दिवसापासून लिहा आणि वरच्या टप्प्यापासून सुरुवात करा. तिथे वाढलेला प्रत्येक किलो उपग्रहातून सरळ वजा होतो.

प्रश्न : इंधन ढकलायला महागडा टर्बोपंप (वायूच्या टर्बाइनवर फिरणारा पंप) टाळून नुसता टाकीतला दाब वापरला तर? विजेच्या मोटरवरचा पंप खरोखर चालतो का? (पंप कारखान्यातील तंत्रज्ञ, किर्लोस्करवाडी)

उत्तर : दाबावर चालणारी रचना सर्वांत सोपी, पण टाकी जड होते. ज्वलनकक्षात २० बार दाब (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) हवा असेल तर टाकीत ३० बार ठेवावा लागतो. १.२ मीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला, धातूवर २०० मेगापास्कल ताण चालेल असे धरले, तर ९ मिमी जाडीचा पत्रा लागेल. पंप बसवला की टाकीत ३ बार पुरतात आणि हिशोबाने १ मिमीही पत्रा चालतो. वरच्या लहान टप्प्याला दाबाची रचना शोभते. खालच्या टप्प्यात ती परवडत नाही.

विजेचा पंप चालतो. न्यूझीलंडहून उडणाऱ्या 'इलेक्ट्रॉन' रॉकेटची रदरफोर्ड इंजिने त्यावरच चालतात आणि जानेवारी २०१८ मध्ये ते कक्षेत पोहोचले. एका इंजिनाच्या दोन पंपांना मिळून ७५ किलोवॉट लागतात असे धरा. अडीच मिनिटांत ही ऊर्जा ३.१ युनिट होते, नऊ इंजिनांची २८. घरच्या वीजबिलाशी ताडून पाहिली तर किरकोळ वाटेल. अवघड आहे ती घाई : पूर्ण बॅटरी अडीच मिनिटांत रिकामी करायची, म्हणजे ती तासाभरात संपवायला जो प्रवाह लागेल त्याच्या २४ पट खेचायचा. इतका प्रवाह देणारे सेल वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठवतात आणि तापतातही. म्हणूनच इलेक्ट्रॉनचा दुसरा टप्पा रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या वाटेतच टाकून देतो.

तुमच्या कामाशी जुळणारी गोष्ट म्हणजे एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी द्रवाची वाफ होऊ नये म्हणून लागणारा जादा दाब. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळण्याच्या काठावरच असतो. पंप आधी थंड करून घेतला नाही, तर आत शिरताच त्याची वाफ होते, कॅव्हिटेशन होते (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात) आणि पंप मोकळा पळून पाती खराब होतात. एकाच दांड्यावर ऑक्सिजन आणि केरोसीन असेल, तर मधले सील गळणे म्हणजे स्फोट. दोन पंपांना दोन मोटरी दिल्या की हा धोका मुळातूनच जातो. या रचनेचा हा गुण आम्हाला खर्चाच्या बचतीपेक्षाही मोलाचा वाटतो.

प्रश्न : इस्रोचे एसएसएलव्ही (लहान उपग्रहांसाठीचे रॉकेट) पहिल्या उड्डाणात का फसले? तिन्ही टप्पे तर नीट जळाले होते. (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : होय, आणि म्हणूनच ते उड्डाण बारकाईने अभ्यासावे असे आहे. १२० टनांच्या या रॉकेटचे तीन टप्पे घन इंधनाचे आहेत. घन इंधन पेटले की मध्येच बंद करता येत नाही, त्यामुळे वेगात थोडी चूक राहतेच. ती सुधारायला वर द्रव इंधनाचा छोटा चौथा भाग असतो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचे कंपन झाले. वेगातला बदल मोजणाऱ्या सहाही प्रवेगमापकांचे आकडे मर्यादेबाहेर गेले. ते नादुरुस्त आहेत असे संगणकाने ठरवले आणि तो आपत्कालीन मार्गदर्शनावर गेला. त्या पद्धतीत चौथा भाग ठरल्याप्रमाणे चालला नाही. ३५६ किमीची वर्तुळाकार कक्षा हवी होती, मिळाली ३५६ गुणिले ७६ किमीची, म्हणजे एका बाजूला ३५६ आणि दुसऱ्या बाजूला ७६ किमी उंचीची. ७६ किमीवर हवा उपग्रहाला टिकू देत नाही. एवढा फरक पडायला वेगात सुमारे एक टक्का उणीव पुरते. मापके धडधाकट होती, निर्णय घाईचा होता. पुढे सुटण्याची यंत्रणा कमी धक्क्याची केली, दोष ठरवण्याचे तर्क सुधारले, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन उपग्रह ४५० किमीवर नीट पोहोचले.

टप्पे सुटण्याची जागा सगळ्यांनाच नडते. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-१ रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणात पहिला टप्पा सुटल्यावर मागून येऊन दुसऱ्यावर आदळला. इंजिन बंद केल्यावरही थंड करणाऱ्या नळ्यांतले उरलेले इंधन किंचित रेटा देत होते. तो दाब वातावरणाच्या दाबाहून कमी, म्हणून जमिनीवरच्या चाचणीत दिसलाच नाही. इंजिन बंद होणे आणि टप्पा सुटणे यांतला वेळ वाढवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चौथे उड्डाण यशस्वी झाले.

प्रश्न : मग ही रॉकेटे खरोखर स्वस्त आहेत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : संपूर्ण उड्डाण स्वस्त, किलोमागे महाग. काही वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनचे उड्डाण सुमारे ७५ लाख डॉलरचे होते, नेते ३०० किलो. म्हणजे तेव्हा किलोला २५,००० डॉलर. स्पेसएक्सने २०१९ मध्ये सामायिक उड्डाणासाठी जाहीर केलेला दर २०० किलोला १० लाख डॉलर, किलोला ५,०००. पण तिथे कक्षा आणि तारीख त्यांची. स्वतःची कक्षा, स्वतःची वेळ हवी असेल त्यानेच लहान रॉकेटचे पैसे मोजावेत.

प्रश्न : श्रीहरिकोटा असताना कुलसेकरपट्टिणम कशाला? (वाचक, पणजी)

उत्तर : श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेला निघालेल्या रॉकेटला श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो. मोठ्या रॉकेटला तो वळसा झेपतो, लहानाची बरीचशी वहनक्षमता त्यात जाते. कुलसेकरपट्टिणम हे तमिळनाडूच्या तुतुकुडी जिल्ह्यातले इस्रोचे नवे प्रक्षेपण केंद्र, तिथून सरळ दक्षिणेला समुद्रच आहे. त्याची कोनशिला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी बसली.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात घन इंधन बनवून छोटे इंजिन पेटवून पाहायचे आहे. सुरुवात कुठून? (विद्यार्थी गट, नांदेड)

उत्तर : इंधन बनवू नका. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम तुम्हालाही लागू आहेत. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, आणि प्रक्षेपणाला अहमदाबादच्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी लागते. काही न पेटवताही इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग शिकता येतो, तो म्हणजे इंजेक्टर, इंधन बारीक छिद्रांतून ज्वलनकक्षात सोडणारा भाग.

पितळेच्या चकतीत १ मिमीची आठ छिद्रे पाडा आणि ५ बार दाबाने पाणी सोडा. प्रत्येक छिद्रातून मिनिटाला साधारण एक लिटर यायला हवे. छिद्रागणिक वेगळे भांडे धरून दोन-दोन मिनिटे मोजा. आकडे जुळणार नाहीत. बहुतेक वेळा कारण म्हणजे ड्रिलने छिद्राच्या कडेला मागे सोडलेली धातूची बारीक कोर (बर). ती काढा, कडा एकसारख्या करा, पुन्हा मोजा. ज्या छिद्रातून इंधन कमी येते तिथे मिश्रणात ऑक्सिजन जास्त होतो आणि भिंत तिथेच जळते. ५ बारच का, तर इंजेक्टरमधून जाताना कमी होणारा दाब ज्वलनकक्षाच्या दाबाच्या निदान २० टक्के ठेवण्याचा प्रघात आहे, आणि २५ बारच्या कक्षाला तो ५ बार येतो. याहून कमी ठेवला, तर कक्षातल्या दाबाचे हेलकावे मागे नळीत शिरतात आणि इंजिन धडधडू लागते. आठही छिद्रे ३ टक्क्यांच्या आत जुळली की आकडे आणि चकतीचे चित्र आमच्याकडे पाठवा. पुढची पायरी त्यावरून ठरवू.