6/60 लिहिलंय, मग खाली पडलेलं नाणं कसं दिसतं?

प्रश्न : माझे सासरे 76 वर्षांचे, दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले आता इंजेक्शनचा उपयोग नाही, फाईलवर दोन्ही डोळ्यांना 6/60 लिहिलंय. समोर बसलेल्या नातवाला ओळखत नाहीत, पेपर वाचणं सोडलं, पण परवा फरशीवर पडलेलं नाणं बरोबर उचललं, त्यामुळे आता घरात बोलणं सुरू झालंय की आप्पांना सगळं दिसतं, मुद्दाम करतात. बोलतानाही आमच्याकडे न बघता कानाकडे बघतात. नक्की किती दिसतं हे कसं कळेल?
— एक सून, सातारा

उत्तर : ताई, हे उत्तर घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आप्पा नाटक करत नाहीयेत. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला छोटासा भाग, वाचणं, चेहरा ओळखणं ही बारीक कामं तिथूनच होतात आणि तोच गेला की जिथे बघावं नेमका तिथेच डाग येतो, पण कडेचा पडदा शाबूत असतो म्हणून दार, खुर्ची कळते आणि गडद फरशीवर चकाकणारं नाणंही सापडतं. चेहऱ्याला तसा उठाव नसतो, नाक-ओठ-गाल सगळं जवळजवळ एकाच रंगात. आणि कानाकडे बघणं हे तर चांगलं लक्षण आहे! डाग बाजूला सारून पडद्याच्या चांगल्या जागेने ते तुम्हालाच बघताहेत, "इकडे बघा ना" म्हणून त्यांना टोकू नका प्लीज.

6/60 म्हणजे चांगल्या नजरेला 60 मीटरवरून वाचता येणारं अक्षर त्यांना 6 मीटरवरून वाचता येतं. बस, तेवढंच, आणि तेही पांढऱ्यावर काळंभोर अक्षर असताना. नेहमीच्या तक्त्यावर सगळ्यात वर ते एकच मोठं अक्षर असतं, त्याच्यापाशी अडकलेल्या माणसाचं मोजमाप तिथे नीट होतच नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा की लो व्हिजनची, म्हणजे उरलेली नजर नीट मोजणारी तपासणी हवी आहे. तिथला तक्ता वेगळा, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, 4 मीटरवर लावतात आणि गरज पडली तर 1 मीटरपर्यंत जवळ आणतात. मान तिरकी करून वाचलं तर वाचू द्यायचं असतं, कोणी "सरळ बघा" म्हणालं तर तुम्ही मध्ये बोला, कारण उरलेली नजर तिथेच आहे.

दुसरी तपासणी फिकं किती दिसतं याची. पेली-रॉबसन तक्त्यावर अक्षरं सगळी एकाच आकाराची, फक्त तीन-तीनच्या गटाने फिकी होत जातात. जिन्याची कड, पांढऱ्या कपातलं दूध, ताटातला भात, आणि हो, नातवाचा चेहरा, हे सगळं या तपासणीत कळतं, 6/60 च्या आकड्यात नाही. मला विचाराल तर ही तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते आणि घरच्यांना खरा उलगडा हिच्यानेच होतो.

मग वाचन. मोठ्यापासून बारीक होत जाणारी वाक्यं मोठ्याने वाचायला लावतात. सगळ्यात बारीक काय वाचलं यापेक्षा न अडखळता कुठल्या आकारापर्यंत वाचलं ते महत्त्वाचं, कारण भिंग त्यावर ठरतं. कुठली अक्षरं सुटतात तेही बघतात, डाग उजवीकडे असेल तर शब्दाचं शेपूट सुटतं, पुढचं काय येतंय ते दिसतच नाही आणि वाचन फार रखडतं. भिंगाची सुरुवात साध्या हिशोबाने होते, 60 भागिले 6 म्हणजे 10 डायॉप्टर (भिंगाची ताकद यात मोजतात), पण मग कागद साधारण 10 सेंटीमीटरवर धरावा लागतो. इतक्या जवळून वाचून डोळे आणखी खराब होतील अशी भीती बहुतेकांना वाटते, तसं होत नाही. सोबत डोक्यामागून नव्हे, बाजूने कागदावर पडणारा दिवा लावून बघा, याने कितीतरी फरक पडतो.

तोवर घरी एक करा. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाच्या मधोमध बघायला सांगा आणि विचारा कुठले आकडे दिसत नाहीत. मग नजर एकेका आकड्याकडे नेऊन विचारा, कुठे बघितल्यावर मधले काटे सगळ्यात स्वच्छ दिसतात. ती त्यांची दिशा, नातू समोर बसला की तेवढंच तिकडे बघायचं. सवय व्हायला वेळ लागतो, घाई करू नका.

प्रश्न : आईला चौकटीचा कागद दिलाय, रोज बघते, रेषा सरळच दिसतात म्हणते. म्हणजे नजर ठीक आहे ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, तसा अर्थ काढू नका. हा चौकटीचा कागद, म्हणजे अॅम्सलरचा कागद, मॅक्युलातला बदल लवकर लक्षात यावा म्हणून आहे, किती नजर उरली ते त्यावरून कळत नाही. डाग जुना असेल तर मेंदू आजूबाजूच्या रेषांनी मधली जागा भरून टाकतो आणि माणसाला खरोखर सगळं सरळ दिसतं. आणि ती दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत नाही ना, ते आधी तपासा, वाचायचा चष्मा लावून, 30 सेंटीमीटरवरून, एक डोळा पूर्ण झाकून बघायचं. रेषा अचानक वाकड्या दिसायला लागल्या किंवा मध्ये नवा डाग आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या.