भारी म्हणजे नक्की काय भारी?

प्रश्न: काका, मी राजारामपुरीत राहतो, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवड्याला दोन तरी पिक्चर होतातच, पण नंतर ग्रुपवर लिहायला बसलं की 'लई भारी' नाहीतर 'पकाऊ' याच्या पुढं गाडी सरकत नाही. पुण्याला जाऊन कोर्स केल्याशिवाय हे जमत नाही काय?

उत्तर: भावा, पुण्याचा सिनेमाच्या रसग्रहणाचा कोर्स जमला तर जरूर कर. पण गंमत बघ, तिथली फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ला सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत, आणि प्रभात १९२९ ला निघाली आपल्या कोल्हापुरात, १९३३ ला तिकडं गेली. म्हणजे शिकायला जाणार तू आपल्याच माणसांच्या अंगणात.

तोवर घरबसल्या एक कर. अख्खा पिक्चर सोड, एकच सीन धर. प्रभातचाच १९३६ चा 'संत तुकाराम' काढ. पोरगं आजारी, घरात दाणा नाही, आणि जिजाई पोराला ओढत देवळात घेऊन जाते, हातात चप्पल, देवाला जाब विचारायला. आधी नुसता बघ. मग आवाज बंद करून बघ, म्हणजे ती बाई खांद्यातनं, मानेतनं, चालण्यातनं किती भांडते ते कळंल (मला हे चौथ्यांदा बघताना कळलं, आणि मी स्वतःला शहाणा समजत होतो). मग डोळे मिटून नुसता ऐक. आता विचार, हे कुणी केलं? दिग्दर्शक दोघं, दामले आणि फत्तेलाल. दामल्यांचा हात आवाजाच्या कामात बसलेला, फत्तेलालांचा सेट आणि कलेच्या कामात, आणि हे फत्तेलाल आपल्या कागलचे हं. त्यातलं 'आधी बीज एकले' ऐकून जाणकारसुद्धा तुकोबांचा अभंग समजून फसले, ते लिहिलं होतं शांताराम आठवल्यांनी. मग 'गाणं भारी' एवढंच लिहून थांबायचं का आठवल्यांचं नाव पण घ्यायचं, तूच सांग.

आणि हे दोघं शिकले कुठं, तर कोल्हापुरात सिनेमा उभा करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण रोज त्याला वळसा घालून जातो, गाडी लावायला जागा मिळते का तेवढं बघतो. तो कॅमेरा बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी बनवायला घेतला, आनंदराव १९१६ ला गेले, पुढं दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो १९१८ ला पुरा केला. इथल्या इथं, लेथवर घासून! बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा कुणी दिला? गायिका तानीबाई कागलकरांनी. याच कंपनीच्या १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनीच केली, त्या काळात घरंदाज घरातली बाई पडद्यावर यायला तयार नसायची, आणि ज्या आल्या त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं असंल ते वेगळं सांगायला नको.

तर पुढच्या वेळी 'भारी' लिहिलंस की त्याच्यापुढं 'कारण' लिही, आणि हिरो-हिरॉइन सोडून एका माणसाचं नाव. एकच. तेवढ्यासाठी शोधाशोध करावी लागते, तिथंच निम्मा कोर्स होतो बघ.

प्रश्न: माझे सासरे स्टुडिओत पडदे रंगवायचे. कुठल्याच पिक्चरमध्ये त्यांचं नाव आलं नाही. ट्रंकेत फोटो आणि एक हिशेबाची वही आहे, मुलं म्हणतात रद्दीत द्या. काय करू? (मंगळवार पेठ)

उत्तर: वहिनी, रद्दीत अजिबात देऊ नका! असल्या वहीत पगार, रंगाचा भाव, कुठल्या दिवशी किती माणसं कामाला होती हे सगळं सापडतं आणि ते कुठल्याच पुस्तकात नसतं. फोटो लॅमिनेट करू नका, चिकट पानांच्या अल्बममध्ये तर नकोच. मागं मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा, कोण कोण आहे, कुठं काढला, आठवंल तेवढं. पेन नको, शाई पुढं उतरते. घरातलं कुणी जुनं असंल तर त्यांच्याजवळ बसून मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा, हे मात्र याच आठवड्यात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असलं साहित्य जपतंय, त्यांना आधी फोन करून विचारा.

आणि ट्रंकेत फिल्मचा डबा निघाला तर स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका. जुनी नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेते, २००३ ला त्या संग्रहालयातसुद्धा आग लागून पुष्कळ जुनी रिळं गेली. डबा उघडून बघत बसायच्या आधी त्यांनाच कळवा.

सासऱ्यांचं नाव मला कळवाल का? या पानावर छापतो. पडद्यावर नाही आलं तर नाही, कागदावर तरी येऊ दे.

प्रश्न: शेवटची नावं सुरू झाली की थिएटरवाले लाईट लावतात, झाडूवाला पायाशी येतो, लोक वैतागून बघतात. बसून राहावं का उठावं?

उत्तर: बसा. झाडूवाल्याला म्हणायचं, दादा दोन मिनिटं, आमचा माणूस यायचाय. मी गेली कित्येक वर्षं हेच सांगतो. एकदा एकानं विचारलं, कोण तुमचा? मी म्हटलं, लाईटवाला. तो झाडू टेकवून माझ्याबरोबर उभा राहिला बघत.